मारायचा, तर सही कुणाची?

(मालवण येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांची एक सवय त्यांचे विद्यार्थी अजून सांगतात. कुणी तावातावाने मत मांडू लागला की ते त्याला थांबवत आणि म्हणत, आधी घडलं काय ते सांग. माणसांच्या आणि गुराढोरांच्या जिवावर उठणाऱ्या हिंस्र प्राण्याला मारावं की मारू नये, या विषयात ही सवय फार उपयोगी पडते. मत सगळ्यांकडे तयार असतं, घडलेलं फार थोड्यांनी पाहिलेलं असतं.

मी व्यवसायाने पशुवैद्यक. नोकरीचा बराचसा काळ याच सिंधुदुर्ग जिल्ह्यात पशुधन विकास अधिकारी म्हणून गेला. बिबट्याने मारलेल्या जनावराचा पंचनामा करताना एका बाजूला वनपाल, दुसऱ्या बाजूला मालक आणि मध्ये मेलेलं जनावर असायचं. तिथे उभं राहून मी या प्रश्नाकडे पाहिलं आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे ऐकताना तुम्हाला ते तपासता येईल. जो प्राणी माणसं मारतो आहे, पुराव्याने ओळखला गेला आहे आणि पकडता येत नाही, त्याला मारणं योग्य आहे आणि त्यात दिरंगाई करणं अयोग्य आहे. गुराच्या किंवा बकरीच्या बदल्यात बिबट्या मारणं योग्य नाही, पण त्या गुराची भरपाई महिनोन्‌महिने अडवून ठेवून मालकाला संयम शिकवणंही योग्य नाही. आणि कुणी मारलं, का मारलं, हे कुणालाच कळू नये अशा रीतीने मारणं कोणत्याही कारणाने योग्य ठरत नाही. आपल्या जिल्ह्यात मात्र घडतं ते हेच.

पहिल्या मुद्द्यापासून सुरुवात करू. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात पिंपरखेड-जांबूत परिसरात 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तीन आठवड्यांत बिबट्याच्या हल्ल्यांत तीन माणसं गेली. एक शाळेच्या वयाचीही न झालेली मुलगी, एक वृद्धा आणि तेरा वर्षांचा मुलगा. लोक रस्त्यावर उतरले, महामार्ग अडवला, वनखात्याची गाडी पेटवली. त्यानंतर तिथल्या बिबट्याला गोळ्या घालून मारण्यात आलं. त्या दिवसांत मुंबई-पुण्याकडून एक वाक्य वारंवार ऐकू येत होतं: आपणच त्यांच्या घरात घुसलो आहोत.

हे वाक्य मला मान्य नाही. शिरूर-जुन्नरच्या उसात जन्मलेल्या बिबट्यांच्या कैक पिढ्यांनी जंगल पाहिलेलंच नाही. आणि आपल्या कोकणात तर गाव आणि वाघ शेकडो वर्षं एकाच डोंगराच्या उतारावर राहत आले आहेत. देवराया आपल्या, गाऱ्हाण्यात माणसाबरोबर गुरावासरांची राखण मागणारे आपण, वाघरो म्हणून वाघाला पुजणारे धनगरही आपलेच. सह्याद्रीच्या पायथ्याशी पिढ्यान्‌पिढ्या मांगरात गुरं बांधणाऱ्या बाईला ‘तू घुसलीस’ असं इमारतीच्या नवव्या मजल्यावरून सांगणं हा तिचा अपमान आहे. तिलारीच्या खोऱ्यात डोंगर साफ करून रबराच्या बागा लावल्या गेल्या, त्या लावणाऱ्यांना हे वाक्य जरूर ऐकवा. पण ज्या घरातलं मूल गेलं, त्या घराला नाही.

कायदाही तसं सांगत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम 11 वाचा. बिबट्या आणि वाघ पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणात आहेत. तरीही असा प्राणी मानवी जीवनाला धोकादायक झाला असेल, त्याला पकडता, भूल देता किंवा दुसरीकडे हलवता येत नसेल, तर राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक कारणं नोंदवून लेखी आदेशाने त्याला मारण्याची परवानगी देऊ शकतात. त्याच कलमात आणखी एक तरतूद आहे, जी आपल्या वाड्यांवर फार थोड्यांना ठाऊक आहे. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना सद्‌हेतूने प्राणी मारला गेला, तर तो गुन्हा नाही. अंगावर आलेल्या बिबट्यावर कोयता उगारणाऱ्याला कायदा गुन्हेगार मानत नाही. पण मालमत्तेच्या नुकसानीसाठी, म्हणजे पिकासाठी किंवा गुरांसाठी, पहिल्या अनुसूचीतला प्राणी मारण्याची परवानगी हा कायदा देत नाही. माणसाचा जीव आणि माणसाचं नुकसान यांच्यात त्याने रेघ ओढली आहे. मला ती रेघ योग्य वाटते.

आता प्राणी पुराव्याने ओळखलेला हवा आणि पकडता येत नसलेला हवा, या अटींकडे येऊ. यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवडा-राळेगाव भागातली टी-1 वाघीण, जिला पुढे सगळ्यांनी अवनी म्हटलं, तिच्या परिसरात दोन वर्षांत तेरा माणसं गेली. शेतात जायला लोक घाबरत होते. मारण्याचा आदेश निघाला, प्रकरण न्यायालयात गेलं, सप्टेंबर 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप करायला नकार दिला. आदेशात क्रम स्पष्ट होता: आधी भूल देऊन पकडण्याचा प्रयत्न, जमलंच नाही तर गोळी. 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री वाघीण मारली गेली आणि त्या क्रमाचं पालन झालं का, यावर वादळ उठलं. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या समितीने नियमभंगाचा ठपका ठेवला. गावांत फटाके वाजले, शहरांत मेणबत्त्या पेटल्या. मला या दोन्हींपेक्षा महत्त्वाचं वाटतं ते हे की, त्या मृत्यूवर प्रश्न विचारता आले. आदेशावर सही होती, तारीख होती, कारणं होती. चूक झाली असेल तर ती कुठे झाली हे दाखवता आलं.

नेम न धरता मारण्याने काय होतं, याचा अनुभव आपल्या देशाला चांगला आहे. इंग्रजांच्या राजवटीत वाघ-बिबट्यांच्या मुंडक्यांवर बक्षिसं होती. 1875 ते 1925 या पन्नास वर्षांत 80,000 हून अधिक वाघ आणि दीड लाखाहून अधिक बिबटे मारले गेल्याचा अंदाज इतिहासकार महेश रंगराजन यांनी सरकारी नोंदींवरून मांडला आहे. तरी गढवालात रुद्रप्रयागच्या एकाच नरभक्षक बिबट्याने 1918 ते 1926 या काळात 125 माणसं मारली. बक्षिसापायी तिथे इतर बिबटे मारले जात राहिले, तो मात्र यात्रेच्या वाटेवर फिरत राहिला. शेवटी शिकारी जिम कॉर्बेटने त्या एकाच जनावराचा माग काढला, तेव्हा ते सत्र थांबलं. दीड लाख बिबटे मारून जे झालं नाही, ते एक ओळखून मारल्याने झालं.

मग लोक म्हणतात, मारू नका, पकडून दूर जंगलात सोडा. ऐकायला हे सगळ्यांत दयाळू वाटतं आणि म्हणून सगळ्यांत जास्त फसवतं. जुन्नर विभागात 2001 नंतर उसाच्या पट्ट्यातून बिबटे मोठ्या संख्येने पकडून जंगलात सोडले गेले. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आकडे जुळवले, तेव्हा दिसलं की माणसांवरचे हल्ले आधी वर्षाला सरासरी चार होते, ते त्या काळात सतरावर गेले. सोडलेल्या जागांच्या आसपासही हल्ले वाढले. कारण समजायला कठीण नाही. बिबट्या आपला इलाखा राखून असतो. त्याला उचललं की ती जागा रिकामी राहत नाही, एखादा तरणा बिबट्या तिथे येतो. आणि उचललेला, पिंजऱ्यात दात-नखं घासून जखमी झालेला, बिथरलेला प्राणी अनोळखी मुलखात, अनोळखी माणसांमध्ये सोडला जातो. 2009 मध्ये टाकळी ढोकेश्वरजवळच्या एका विहिरीतून काढलेला नर माळशेज घाटात सोडला होता. गळ्यातल्या कॉलरमुळे कळलं की तो सव्वाशे किलोमीटरच्या आसपास चालून मुंबईच्या दिशेला, संजय गांधी उद्यानाच्या परिसरात पोचला. त्याचं नाव आजोबा ठेवलं होतं. वाटेत त्याने कुणाला इजा केली नाही, हे त्याचं मोठेपण. पुढे महामार्गावर गाडीखाली तो गेला. माझ्या वाडीतला बिबट्या उचलून तुमच्या वाडीच्या वर सोडण्याला मी दया म्हणत नाही. धोका आपल्या नजरेआड केला, एवढंच.

जन्मभर पिंजऱ्यात ठेवण्याबद्दलही स्पष्ट बोललं पाहिजे. जुन्नरच्या माणिकडोह निवारा केंद्रात असे बिबटे आहेत आणि तिथली माणसं मनापासून काम करतात. पण जागा संपते. माणूस मारल्याचा पुरावा नसलेले, नुसते उसात दिसले म्हणून धरलेले बिबटेही अशा पिंजऱ्यांत येऊन पडतात. आपल्या जिल्ह्यात 2015 मध्ये माणगाव खोऱ्यात तीन हत्ती पकडले. त्यातले दोन बंदिवासात मेले. हत्ती काही शिकारी प्राणी नव्हे, पण पकडणं म्हणजे जीव वाचवणं, असा सरळ हिशेब नसतो हे त्या दोन मृत्यूंनी आपल्याला आपल्याच दारात दाखवलं.

आता गुरांकडे वळतो. इथे थोडा जास्त वेळ घेतो, कारण सिंधुदुर्गात बिबट्याने माणूस मारल्याच्या घटना तुरळक आहेत. आपल्याकडचा खरा हिशेब बकऱ्या, वासरं आणि कुत्री यांचा आहे.

बिबट्याने मारलेली शेळी आणि कुत्र्यांनी फाडलेली शेळी यांत फरक असतो. बिबट्या नरड्याला धरतो. वरून पाहिलं तर नुसती चार भोकं दिसतात, कधी रक्तही फारसं नसतं. कातडं सोलून पाहिलं की आत मानेचं मांस काळंनिळं झालेलं, श्वासनळी चेपलेली. कुत्र्यांनी धरलेलं जनावर मागच्या पायांकडून, शेपटीकडून, पोटाकडून लचके तोडलेलं असतं. हा फरक नोंदवणं माझं काम होतं आणि त्यावर मालकाचे पैसे अवलंबून होते, कारण कुत्र्यांच्या शिकारीला वनखातं भरपाई देत नाही. पंचनामा होईपर्यंत मढं हलवायचं नाही, खबर अठ्ठेचाळीस तासांच्या आत द्यायची, असे नियम. मे महिन्याच्या उकाड्यात मेलेली गाय दीड दिवस गोठ्यासमोर ठेवून पाहा, म्हणजे हा नियम काय मागतो ते कळेल.

एका मांगरासमोर असाच पंचनामा करत असताना एक काकी जोत्यावर बसून सगळं पाहत होत्या. मी लिहून झाल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, “डॉक्टरांनू, तुमी कायव लिवा, माजी गाय काय परत येवची नाय.” त्या रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. दुभती गाय होती. तिच्या दुधावर त्यांचा महिन्याचा बाजार चालत होता. त्या गाईला शासनाच्या दरपत्रकात किंमत आहे: बाजारभावाच्या 75 टक्के किंवा 70,000 रुपये, यांतली जी रक्कम कमी असेल ती. शेळी-मेंढीला याच हिशेबाने कमाल 15,000. म्हणजे सगळं वेळेवर झालं तरी चौथा हिस्सा मालकाच्या अंगावरच पडतो. वाघ साऱ्या देशाचा, त्याच्या नावाने अभिमान साऱ्या देशाला, आणि त्याच्या जेवणाचा चौथा हिस्सा भरायचा तो एका वाडीतल्या एका बाईने. हे मला अन्याय्य वाटतं. शंभर टक्के रक्कम द्यायला हवी आणि ती आठवड्याभरात बँकेत जमा व्हायला हवी.

ती झाली नाही तर काय होतं, ते आपल्या शेजारीच झालं. दोडामार्गाला लागून गोव्याचा सत्तरी तालुका आहे. तिथल्या म्हादई अभयारण्यात गोळावली येथे जानेवारी 2020 मध्ये एक पट्टेरी वाघीण आणि तिचे तीन बछडे विषाने मेलेले सापडले. वाघाने गुरं मारली होती. अटक झाली ती तिथल्याच एका धनगर कुटुंबातल्या माणसांना. चार वाघ गेले आणि पिढ्यान्‌पिढ्या त्या रानात गुरं राखणारं एक घर कोर्टकचेरीत गेलं. त्या विषाचं मी समर्थन करत नाही. मढ्यात घातलेलं विष वाघापाशी थांबत नाही. कोल्हा, कुत्रा, मांसावर येणारं जे जे जनावर, सगळे मरतात. पण ज्या घराचा रोजचा घास गुरांवर आहे, त्याच्यापर्यंत भरपाई पोचायच्या आधी राग पोचतो, हे सरकारने समजून घेतलं पाहिजे.

अशी भरपाई देणं जमू शकतं, हे मालवणच्या किनाऱ्याला मी सांगायची गरज नाही. डिसेंबर 2018 पासून राज्यात एक योजना आहे. जाळ्यात व्हेल शार्क, कासव, डॉल्फिन असा संरक्षित जीव अडकला आणि रापणकराने किंवा ट्रॉलरवाल्याने जाळं कापून त्याला सोडलं, तर कापलेल्या जाळ्यासाठी 25,000 रुपयांपर्यंत भरपाई मिळते. फोटो काढायचा, अर्ज करायचा. आपल्या किनाऱ्यावरच्या मच्छीमारांनी अशी जाळी कापली आहेत. जाळ्याची किंमत ज्याला ठाऊक आहे, त्याला हा त्याग केवढा ते कळतं. पाण्यात जे न्याय्य ठरलं, ते डोंगरावर का ठरू नये? मोबाइलवर काढलेला फोटो जाळ्याला चालतो, तर गोठ्यातल्या गाईलाही तो पुरावा म्हणून चालला पाहिजे.

आता सर्वांत अवघड भाग. आपल्या जिल्ह्यात बिबटे मरतात ते आदेशाने नव्हे. ते मरतात फासकीत.

फासकी तुम्ही पाहिली असेल. मोटारसायकलच्या क्लचची तार, एका टोकाला सरकगाठ, दुसरं टोक आंब्याच्या नाहीतर काजूच्या बुंध्याला. रानडुकराच्या वाटेवर, गडग्यातल्या खिंडीत, जमिनीपासून गुडघाभर उंचीवर. लावणारा डुकरासाठी लावतो. भात, नाचणी, कणगी उकरून टाकणाऱ्या डुकराचा त्रास खोटा नाही. पण तारेला डुक्कर आणि बिबट्या यांतला फरक कळत नाही. डुक्कर मान घालतो, बिबट्या लवचिक, तो अर्धा पुढे निघतो आणि तार कमरेला बसते. मग तो जितका ओढतो तितकी ती आवळते. पहाटे कुणीतरी गुरगुर ऐकतो, गर्दी जमते, मोबाइल निघतात. भूल देणारं पथक येईपर्यंत दोन-तीन तास जातात. अशा एका बिबट्याच्या शवविच्छेदनाला मी उभा होतो. बाहेरून कातडी जेमतेम कापलेली होती. आत मूत्राशय फुटलं होतं.

त्या मृत्यूची कारणं कुणी लिहिली नव्हती. त्याने माणूस मारला होता का, कुणाला माहीत नाही. बकरी तरी मारली होती का, तेही नाही. आपण सभांमध्ये वाघ मारावा की न मारावा यावर तासन्‌तास भांडतो आणि तो प्रश्न आपल्या बागेच्या कडेला एक तार कुणालाही न विचारता रोज निकालात काढते. ज्या मारण्यामागे विचार असतो त्याला आपण क्रूर म्हणतो आणि ज्यामागे कसलाच विचार नसतो त्याला अपघात म्हणतो. मला हे उलटं वाटतं. पिकाच्या संरक्षणासाठी आपल्या जिल्ह्यात बंदुकीचे परवाने आहेत, डुकरासाठी परवानगी मिळण्याची कायदेशीर वाट आहे. ती वाट वेळखाऊ आहे, ती सोपी करा, अशी मागणी ग्रामसभांनी करावी. मी सही करेन. फासकीचं समर्थन मात्र कुणी माझ्याकडून मागू नये.

बाकीचं काम आपल्या हातातलं आहे. अकोले तालुक्यात शेतीच्या मुलखात राहणाऱ्या बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास झाला. त्यांच्या खाण्यातला सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, सुमारे 39 टक्के. शेळीचा 11. आता मालवण-तारकर्लीच्या हॉटेलांमागचा मासळीचा आणि कोंबडीचा कचरा आठवा. त्यावर कुत्री वाढतात आणि कुत्र्यांमागून बिबट्या वाडीत येतो. 2016 च्या ग्रामीण स्वच्छ सर्वेक्षणात मैदानी जिल्ह्यांत देशात पहिला आलेला हा जिल्हा आहे. हॉटेलमालकांनी कचऱ्याची नीट सोय केली तर कितीतरी बकऱ्या वाचतील. बिनकठड्याच्या विहिरींचंही तसंच. पाठलाग करताना बिबट्या विहिरीत पडतो, मग दोर, पिंजरा, गर्दी आणि बिथरलेलं जनावर. चिऱ्याचा कंबरभर कठडा त्या बिबट्याला वाचवतो आणि संध्याकाळी तिथून जाणाऱ्या मुलालाही. बकऱ्यांच्या गोठ्याला वर जाळी आणि खाली घट्ट दार, एवढ्यावर रात्रीच्या बहुतेक शिकारी थांबतात, हे मी माझ्या पंचनाम्यांवरून सांगतो. मेलेल्या बकऱ्या बहुतेक उघड्या छपराखाली किंवा खळ्यात बांधलेल्या असत.

आणि एवढं करूनही उद्या आपल्याकडे एखादा बिबट्या खरोखर माणसांवर टपू लागला, तर मी पहिला म्हणेन की विष्ठा, केस, ठसे तपासा, कॅमेरे लावा, नेमका तोच ओळखा, पकडता येत नसेल तर आदेश काढा आणि मारा. आदेश काढणाऱ्या अधिकाऱ्याच्या मागे आपण उभं राहिलं पाहिजे. मेणबत्त्यांच्या भीतीने त्याचा हात थरथरला आणि त्या आठवड्यात आणखी एक मूल गेलं, तर ते पाप आपलंही असेल.

तोवर मालवणकरांना एक विनंती. येत्या पावसाळ्याआधी आपापल्या बागेचे गडगे फिरून पाहा. तार दिसली तर ती कुणाची हे न विचारता काढून टाका. फासकीत किंवा विहिरीत अडकलेलं जनावर दिसलं तर जवळ जाऊ नका, गर्दी जमवू नका, वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर फोन करा. तो फोन कुठूनही फुकट लागतो.